ठसका लागला होता का?

(मंडळाच्या पालक मेळाव्यातील भाषण)



आम्ही सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढणारे. डॉक्टर नव्हे, डिप्लोमावाले. निदान करणं आमचं काम नाही. पण घाबरलेलं लेकरू आणि त्याला धरून उभं असलेलं घर आम्ही रोज पाहतो.

एकदा दोन वर्षांचा मुलगा आला. तीन आठवडे खोकला, औषधाच्या दोन बाटल्या संपलेल्या. आजी आपल्याच खान्देशच्या. आम्ही सहज विचारलं, "आजी, खाताना याला कधी ठसका लागला होता का?" आजींनी मान खाली घातली. "शेंगदाणे खाताना जीव घाबरा झाला होता, साहेब. पाठ थोपटली तसा हसू लागला. सून रागवेल म्हणून बोलले नाही." आम्ही ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. पुढे भूल देऊन, दुर्बीण घालून श्वासनलिकेतून अर्धा शेंगदाणा निघाला.

मंडळी, नाणं, पिन, बटण-सेल एक्स-रेत दिसतात. शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका सहसा दिसत नाही. दाण्यामागे फुप्फुसात हवा कोंडली, तर श्वास आत घेतलेली आणि सोडलेली अशा दोन फिल्ममधून सुगावा लागतो. तरीही फिल्म स्वच्छ येऊ शकते. म्हणून तुमची आठवण आमच्या यंत्राहून मोलाची. ठसक्यानंतर मूल खेळू लागतं, तो काळ फसवा असतो. पुढे खोकला, घरघर, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया सुरू होतो.

ठसका लागला आणि मूल जोरात खोकत असेल, तर खोकू द्या. आवाजच फुटेना, तर कोणाला तरी 108 लावायला सांगा. एक वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. मोठ्या मुलाला पाठीवर पाच थापा, मग मागून धरून बेंबीच्या वर पाच दाब. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून करा. मूल बेशुद्ध पडलं, तर 108 वरून सांगतील तशी छाती दाबायला लागा. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नका.

पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातावर प्रसादाचे अख्खे शेंगदाणे, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे ठेवू नका. केळं द्या, दाण्याचं कूट द्या.

आजी-आजोबांनो, लपवू नका. सुनांनो, रागावू नका. डॉक्टरांना पहिलं वाक्य ठसक्याचं सांगा.

गणपती बाप्पा मोरया!