मोठ्याला एक, पोराला अर्धा

आपल्या घरांत औषधाचा हिशेब सोपा असतो. मोठ्याला एक चमचा, पोराला अर्धा. पण तापाचं पॅरासिटामॉल मुलांना वजनावर देतात, एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. त्यातून सिरपं दोन ताकदींची मिळतात. 5 मिलिलिटरमागे एकात 120 मिलिग्रॅम, दुसऱ्यात 250. चमचा तोच, औषध दुप्पट! नवजात बाळाचं तर यकृतच कच्चं. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे तान्ही बाळं राखाडी पडून दगावतात, हे 1959 साली उघडकीस आलं.

म्हातारपणी वजन फारसं बदललेलं नसतं, पण मूत्रपिंड मंदावतं. स्नायू झडलेले असल्यानं रक्तातलं क्रिएटिनिन मात्र ठीक दिसतं आणि फसगत होते. डायझेपाम ही झोपेची गोळी चरबीत मुरते. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला विशीत सुमारे 20 तास लागतात, ऐंशीत 80 ते 90. म्हणजे कालची उतरायच्या आत आजची पोटात. मग आजी न्हाणीघरात पडली की आपण वयाला बोल लावतो.

आमच्या अम्मीची ही गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी केली, तेव्हा ती माझ्यावरच रुसली. औषधातही काटकसर का, म्हणाली. महिन्याभरात फजरच्या नमाजाला ती माझ्याआधी उठू लागली.