चिंचोक्यांचा डाव



पोकर शिकविणे या व्यासपीठास शोभत नाही, असे काही जणांस वाटेल. म्हणून आरंभीच सांगतो : आम्ही हा खेळ चिंचोके लावून शिकलो, आणि हरलो तेही चिंचोकेच.

पहिली फजिती तीन पत्तीच्या सवयीने झाली. तीन पत्तीत कलरपेक्षा सिक्वेन्स मोठा. पोकरमध्ये नेमके उलट. हा नियम लहरी नव्हे. ५२ पानांतून तीन उचलली, तर साधा सिक्वेन्स ७२० प्रकारांनी जमतो, कलर १,०९६ प्रकारांनी. पाच उचलली, तर सिक्वेन्स १०,२०० प्रकारांनी आणि कलर अवघ्या ५,१०८ प्रकारांनी. जे दुर्मिळ ते श्रेष्ठ, एवढेच सूत्र!

दुसरा धडा पाने टाकण्याचा. टेक्सास होल्डेम या प्रकारात हातात दोन पाने झाकलेली आणि मध्ये एकूण पाच पाने सर्वांची. समजा, आपल्या हाती दोन बदाम आहेत, उघडलेल्या चारांत आणखी दोन आहेत, आणि एक पान उघडावयाचे आहे. न दिसलेली पाने ४६. त्यांत बदाम ९. म्हणजे पाचांत जेमतेम एकदा कलर जमणार. मध्ये ३० चिंचोके असून राहण्यास १० पडत असतील, तर पाने टाकावीत. ५० असतील, तर राहावे.

परंतु नवशिक्या म्हणतो, ‘आतापर्यंत इतके घातले, आता कसे सोडू?’ अहो, मध्ये पडलेला चिंचोका आपला उरलेलाच नसतो! कोर्टातले दावे आणि बुडते धंदे लोक याच हट्टाने ओढीत नेतात.

आणि पैशाचे काय? अड्डा चालविणारा प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो. म्हणून बसलेल्या सर्वांची बेरीज तोट्याचीच येते. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला, तो संसार उघडे पडू लागले म्हणूनच.

महाभारतातला नल पुष्कराशी खेळून राज्य हरला. पुढे ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पाने-फळे मोजून दाखविली, आणि त्याच्यापाशी नल अक्षहृदय शिकला. आधी मोजावे, मग खेळावे, हा क्रम नलास राज्य गमावल्यावर उमगला. तुम्हांआम्हांस तो चिंचोक्यांवरच उमगावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.