पुरस्कार आणि मजुरी



सामाजिक न्यायासाठी झटणाऱ्या तरुणाला पुरस्कार द्यावा, यात वावगे काहीच नाही. पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या घरची चूल कशी पेटते, हे चळवळीत वावरणाऱ्यांना सांगावयास नको. प्रश्न निराळा आहे. पुरस्काराची रक्कम कोणाच्या श्रमातून येते, हा तो प्रश्न. २००२ साली इंडोनेशियातील एका तरुण कामगार नेत्या दिता सारी यांनी तो जाहीरपणे विचारला.

रीबॉक या अमेरिकन पादत्राण कंपनीने १९८८ साली मानवी हक्कांसाठी एक पुरस्कार सुरू केला. तिशीच्या आतील, अहिंसक मार्गाने लढणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी तो होता. त्याने काही भले केले हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाकिस्तानातील इक्बाल मसीह हा मुलगा सहाशे रुपयांच्या कर्जापायी चौथ्या वर्षीच गालिच्याच्या मागाला जुंपला गेला होता. १९९४ साली या कंपनीने त्याला गौरविले तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता. त्या निमित्ताने अमेरिकेत गेलेल्या इक्बालची कहाणी क्विन्सी येथील शाळकरी मुलांनी त्याच्याच तोंडून ऐकली आणि एप्रिल १९९५ मध्ये तो मारला गेल्यावर वर्गणी जमवून त्याच्या स्मरणार्थ पाकिस्तानात शाळा उभारली. पुरस्कारावाचून हा आवाज इतका दूर पोचला असता, असे म्हणवत नाही.

परंतु दिता सारी यांची गोष्ट वेगळी होती. सुहार्तो राजवटीत १९९६ च्या सुराबाया येथील संपानंतर त्या तुरुंगात गेल्या आणि १९९९ साली सुटल्या. २००२ मध्ये रीबॉकने त्यांना पन्नास हजार डॉलरचा पुरस्कार देऊ केला, तो त्यांनी नाकारला. कारण त्यांच्या निवेदनात स्पष्ट आहे. १९९५ साली पश्चिम जावातील इंडोशूज या कारखान्यात पाच हजार कामगारांचा संप त्यांनी चालविला होता. त्याबद्दल पोलिसांनी त्यांना पकडून छळले. आठ तासांच्या दिवसाला एक डॉलर मजुरी मिळे. मागणी होती मजुरीवाढीची आणि बाळंतपणाच्या रजेची. आणि तेथे जोडे बनत होते ते रीबॉकचे.

येथे थोडे अंकगणित करावयास हवे. पन्नास हजार डॉलर म्हणजे त्या दराने त्या पाच हजार संपकऱ्यांची अवघी दहा दिवसांची मजुरी. प्रत्येकाला रोजी दहा सेंट वाढ दिली असती, तर ही रक्कम शंभर दिवसांत संपली असती. एकशे एकाव्या दिवशीही वाढ द्यावीच लागली असती. पुरस्कार मात्र एकदाच द्यावयाचा असतो. शिवाय असे कारखाने कंत्राटदारांचे असतात. मजुरी कंत्राटदाराच्या वहीत आणि पुरस्कार कंपनीच्या नावावर, अशी ही सोयीची विभागणी! कंपनीने १९९२ साली आचारसंहिता केली होती आणि १९९९ साली इंडोनेशियातील दोन कारखान्यांतील उणिवांचा अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला होता, हेही नोंदविले पाहिजे. पण दिता सारी यांचा अनुभव आचारसंहितेनंतरचा होता.

दिता सारींवर विसंगतीचा आक्षेप घेता येईल. २००१ साली त्यांनी मॅगसेसे पुरस्कार स्वीकारला होता. विनोबांना १९५८ साली मिळाल्यापासून तो महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. त्यातील चाळिशीच्या आतल्यांसाठीच्या विभागाला फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य होते. तेव्हा तो पैसाही भांडवलाचाच. परंतु फोर्डच्या दारात त्यांनी संप केलेला नव्हता. ज्या मालाच्या मजुरीसाठी त्यांचे सहकारी झगडले, त्याच मालाच्या धन्याकडून सत्कार घेणे म्हणजे त्या संपावर पाणी सोडणे झाले असते. याच विभागातला पुरस्कार २००२ साली मिळालेल्या संदीप पांडे यांनी तर अमेरिकेच्या युद्धनीतीला विरोध करताना रक्कम परत केली आणि मान ठेवला. जानेवारी २०२४ मध्ये, गाझातील संहारातील अमेरिकेच्या वाट्याकडे बोट दाखवून, तो मानही परत करण्याचे जाहीर केले. ज्याने त्याने आपापल्या लढ्याच्या संदर्भात हे ठरवावयाचे आहे. त्याचा सरसकट नियम करू पाहणाऱ्यांना कार्यकर्त्याच्या पोटाची फिकीर नसते.

२००६ साली आदिदासने रीबॉक कंपनी विकत घेतली आणि २००७ नंतर तो पुरस्कार बंद झाला. इंडोशूजचे कामगार १९९५ साली जोडे बनवीत होते ते या दोन्ही कंपन्यांचे.