पी हळद नि हो गोरी



उतावळ्या माणसाला हसावे म्हणून आपल्या वाडवडिलांनी ‘पी हळद नि हो गोरी’ ही म्हण घडविली. आज तीच म्हण जणू खरी मानून हळदीच्या गोळ्यांची बाटली घरोघर येऊ लागली आहे. वडोदऱ्यात समा भागात राहणाऱ्या मराठी माणसाला हिवाळ्यातील ओली हळद परकी नाही. मीठ-लिंबू लावून तिच्या चकत्या ताटात घेण्याची गुजरातची रीत त्याच्या ओळखीची आहे. ती चकती आणि ही गोळी यांत भेद कोणता, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

हळदीला पिवळा रंग देणाऱ्या द्रव्यांतील प्रमुख ते कर्क्युमिन. वाळलेल्या हळदीत ते शेकडा सुमारे ३ भाग असते. म्हणजे चमचाभर, ३ ग्रॅम हळदीत सुमारे ९० मिलिग्रॅम. उलट, शेकडा ९५ भाग शुद्ध अर्काच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ते ४७५ मिलिग्रॅम भरते. पाच चमचे हळद एका घोटात घेतल्यासारखेच हे झाले! अन्नातील रंगद्रव्य म्हणून कर्क्युमिन रोज किती पोटात जावे, याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने वजनाच्या दर किलोस ३ मिलिग्रॅम अशी आखली आहे. साठ किलोंच्या माणसाला ती १८० मिलिग्रॅम होते.

पण पोटात गेलेले सारे अंगी लागत नाही. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. आतडे ते थोडेच शोषते आणि शोषलेलेही आतडे व यकृत त्वरेने पालटून बाहेर टाकतात. बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली दाखविले की, निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिले तरी रक्तात ते जवळजवळ सापडत नाही. मात्र त्यासोबत मिऱ्यातील पायपरीन २० मिलिग्रॅम दिल्यास त्याचे शोषण सुमारे वीसपट वाढते. तेव्हापासून अनेक गोळ्यांत मिऱ्याचा अर्क घालतात. परंतु हे पायपरीन केवळ हळदीचा कैवार घेत नाही. फेफऱ्यावरील फेनिटॉइनसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाणही ते वाढवू शकते.

मग लाभ कोणता? गुडघ्यांच्या झिजेतील वेदना काहीशी कमी होते, असे काही लहान चाचण्यांत दिसले आहे. याहून मोठे दावे अद्याप सिद्ध झालेले नाहीत. हळदीने जखम भरण्याच्या उपायावर १९९५ साली अमेरिकेत दिलेले पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. तो विजय आपल्या अभिमानाचा खराच. पण त्याने हा उपाय जुना असल्याचे ठरले, गोळी निर्धोक असल्याचे नव्हे.

धोका काल्पनिक नाही. इटलीत २०१९ साली हळदीच्या गोळ्यांशी संबंध असलेल्या यकृतदाहाचे वीसहून अधिक रुग्ण आढळले. अमेरिकेत २०२२ साली अशा दहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांतील पाचांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला. सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली. असा अपाय क्वचितच होतो, हे खरे. परंतु ती खूण आपल्या अंगी आहे की नाही, हे सामान्य माणसाला कोठून कळणार?

म्हणून आमटी-भाजीतील हळद निःशंक खावी. गोळीला मात्र औषधाचा मान द्यावा. पित्ताशयात खडे असलेल्यांनी, रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी, यकृताचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी वैद्यांना विचारल्याखेरीज ती घेऊ नये. शस्त्रक्रियेपूर्वी, ती चालू असल्यास, न विसरता सांगावे. गोळी घेत असता लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे दिसू लागले, तर ती तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे आणि सोबत बाटलीही न्यावी. ‘हळदच तर आहे’ म्हणून पुष्कळजण ही गोष्ट डॉक्टरांना सांगतच नाहीत, आणि रोगाचे कारण घरच्या फडताळातच राहून जाते.