खिडकी, कार्यासन आणि त्यांमधील दुवा



बदलापूर पूर्वेकडील खरवई हे मूळचे खेडे आज कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत मोडते. शेजारी औद्योगिक वसाहत आली, चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या. परंतु सातबारा, फेरफार, वारसनोंद, उत्पन्नाचा वा रहिवासाचा दाखला यांची गरज गाव शहरात गेल्याने संपत नसते. पूर्वी या कामांसाठी तलाठ्याची वाट पाहावी लागे. आता संगणकाची वाट पाहावी लागते, एवढाच काय तो फरक पुष्कळांना जाणवतो. खिडकीपाशी पोहोचलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे सांगण्यात येते आणि तो निमूटपणे परत फिरतो. हा अनुभव खरवईचाच आहे असे नव्हे. राज्यातील कोणत्याही तालुक्यात तो कोणास नवा वाटणार नाही.

या दोन शब्दांची किंमत मात्र मोठी आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली अंमलात आला. अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळणे हा त्यामुळे नागरिकाचा हक्क झाला. सेवा न मिळाल्यास पहिले अपील, दुसरे अपील आणि त्यापुढे आयोग अशी वाटही त्याने आखून दिली. परंतु मुदत मोजावयाची ती अर्ज मिळाल्यापासून. जो अर्ज यंत्राने स्वीकारलाच नाही, त्याला क्रमांक नाही, पोच नाही, आणि म्हणून मुदतही नाही. परत गेलेल्या माणसाने अपील करावे तरी कशाविरुद्ध? म्हणूनच ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय, हे खिडकीच्या अलीकडे बसणाऱ्याने आणि पलीकडे उभे राहणाऱ्याने, दोघांनीही थोडेफार जाणून घेणे आवश्यक झाले आहे.

मुळात ‘सर्व्हर’ हा एकवचनी शब्दच दिशाभूल करणारा आहे. संकेतस्थळाच्या मागे बहुधा किमान दोन स्वतंत्र आज्ञावली काम करीत असतात. पहिला वेब सर्व्हर. तो बाहेरून आलेली मागणी स्वीकारतो, तयार चित्रे व पाने स्वतः देतो आणि बाकीचे काम आत पाठवितो. दुसरा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर. अर्ज तपासणे, नियम लावणे, नोंदी शोधणे हे काम त्याचे. कार्यालयीन भाषेत पहिला म्हणजे बारनिशीची खिडकी आणि दुसरा म्हणजे कार्यासन. त्यामागे माहितीसाठा असतो, तो अभिलेखकक्ष समजावा. कोणत्या शासकीय संकेतस्थळामागे कोणत्या आज्ञावली आहेत, हा येथे विषय नाही. उदाहरणादाखल जगभर वापरात असलेली एक जोडी घेऊ : १९९५ पासून चालत आलेला अपाची हा वेब सर्व्हर, आणि सन कंपनीने १९९९ साली अपाचीच्या स्वाधीन केलेला टॉमकॅट.

खिडकी आणि कार्यासन वेगळे का, याचे एक कारण युनिक्स प्रणालीच्या जुन्या शिस्तीत सापडते. युनिक्सचा जन्म १९६९ सालचा, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील. आज सर्वत्र दिसणारी लिनक्स ही प्रणाली त्याच वळणाची आहे. यंत्राला क्रमांकित दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. १०२४ च्या खालचे दार उघडण्याचा अधिकार युनिक्समध्ये परंपरेने फक्त मूळ प्रशासकाचा. संकेतस्थळांची नेहमीची दारे ८० आणि ४४३, म्हणजे याच राखीव भागातली. नियम लावणारी भलीमोठी आज्ञावली सर्वाधिकार देऊन चालविणे धोक्याचे. म्हणून टॉमकॅट सामान्य वापरकर्त्याच्या नावे ८०८० क्रमांकाच्या दाराशी बसतो. वेब सर्व्हर सर्वाधिकाराने पुढचे दार उघडतो आणि नागरिकांच्या मागण्या हाताळणारे त्याचे मदतनीस मात्र साध्या अधिकारानेच काम करतात. अधिकारांची ही वाटणी प्रशासनातील मंडळींना परकी वाटू नये.

आता प्रश्न उरतो दोघांमधील दुव्याचा. तो आपोआप निर्माण होत नाही. काही वेळा आज्ञावली बसवितानाच तो लिहिला जातो. परंतु वेब सर्व्हर नेहमीच्या जागी नसेल, किंवा दोघे निरनिराळ्या यंत्रांवर असतील, तर कोणीतरी मांडणीच्या फाईलमध्ये हाताने ओळी लिहाव्या लागतात. अपाचीत ‘प्रॉक्सीपास’ या आज्ञेने सांगावे लागते की, ‘सेवा’ या मार्गाने आलेली प्रत्येक मागणी आतल्या ८०८० क्रमांकाच्या दाराकडे न्यावी. तिच्या जोडीला ‘प्रॉक्सीपासरिव्हर्स’ ही आज्ञा लागते, आणि नेमकी तीच विसरली जाते. कार्यासनाने ‘आता पुढच्या पानावर जा’ असे कळविताना स्वतःचा आतला पत्ता दिला, तर तो बदलून बाहेरचा पत्ता लावण्याचे काम तिचे. ती नसेल तर नागरिकाचा संगणक तो आतला पत्ता स्वतःच्याच घरात शोधू लागतो आणि पान कोरे राहते. मार्गाच्या शेवटी असलेली तिरपी रेघ एका बाजूस असून दुसऱ्या बाजूस नसली तरी मागणी भलतीकडे जाते. युनिक्समध्ये इंग्रजी लहान व मोठी अक्षरे भिन्न मानली जातात, हेही येथे नडते.

जुन्या पद्धतीत हा दुवा ८००९ क्रमांकाच्या दारातून, एजेपी नावाच्या सांकेतिक बोलीत जोडला जाई. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या दारातील ‘घोस्टकॅट’ नावाचा दोष जाहीर झाला. बाहेरून पोहोचणाऱ्याला त्यातून आतल्या फाईली वाचता येत होत्या. सुधारित टॉमकॅटमध्ये हे दार मुळात बंद ठेवण्यात आले आणि ते उघडल्यास परवलीचा शब्द सक्तीचा झाला. ज्यांनी नवी आवृत्ती बसविली पण दोन्हीकडे तो शब्द लिहिला नाही, त्यांचा दुवा तुटणे क्रमप्राप्तच होते. यंत्र शाबूत, विद्युत्पुरवठा शाबूत, आणि खिडकीवर मात्र ‘सर्व्हर डाऊन’.

यापेक्षाही गंभीर असा एक दोष आहे. त्यात सर्व्हर बंद पडत नाही; तो चुकीचे उत्तर देतो. ‘खरवई’ या नावात चार अक्षरे आहेत. संगणकाच्या आजच्या सर्वमान्य युटीएफ-८ लिपिसंकेतात प्रत्येकास तीन, अशी ती बारा बाइट होतात. शोध घेताना हे नाव पत्त्याच्या ओळीतून वेब सर्व्हरमार्फत आत जाते. टॉमकॅटच्या सातव्या आवृत्तीपर्यंत असा मजकूर पश्चिम युरोपीय लिपिसंकेतातला आहे असे मूलतः गृहीत धरले जाई. आठव्या आवृत्तीपासून हे गृहीतक युटीएफ-८ झाले. जुन्या आवृत्तीला ‘खरवई’ ही चार अक्षरे दिसतच नाहीत. तिला बारा निरर्थक चिन्हे दिसतात. त्या चिन्हांच्या नावाचे गाव अभिलेखात असणार कोठून? उत्तर येते, ‘नोंद आढळली नाही’. परत जाणाऱ्या माणसाला उद्या या असेही कोणी म्हणत नाही. त्याच्या जमिनीची नोंदच नाही, असे त्याला वाटते. यावरील उपाय म्हणजे टॉमकॅटच्या मांडणीत पत्त्याचा लिपिसंकेत सांगणारा एक शब्द. मात्र तो प्रत्येक दारासाठी स्वतंत्र लिहावा लागतो. ८०८० साठी लिहिला आणि ८००९ साठी राहिला, तर तंत्रज्ञाने आतून केलेली चाचणी यशस्वी ठरते आणि नागरिकाचा शोध निष्फळ होतो. मराठीत कारभार चालविणाऱ्या राज्यात कोणत्याही नव्या प्रणालीची पहिली चाचणी मराठी नावाने, आणि तीही बाहेरच्या दारातून, व्हावयास हवी. इंग्रजी नावाने घेतलेली चाचणी हा दोष कधीही उघड करणार नाही.

इतर दोष ओळखणे तुलनेने सोपे, कारण पडद्यावर तीन अंकी क्रमांक येतो. ५०३ आला तर खिडकी उघडी आहे, पण कार्यासनावर कोणी नाही. ५०२ किंवा ५०४ आला तर कार्यासनाने भलतेच उत्तर दिले किंवा वेळेत दिले नाही. ४०४ आला तर मार्गाची ओळ चुकली असण्याचा संभव मोठा. काहीच आले नाही तर दोष खिडकीचा, नाहीतर वाटेतील जोडणीचा. ५०३ च्या बाबतीत एक गंमत सांगण्यासारखी आहे. आतला सर्व्हर एकदा प्रतिसाद देईनासा झाला की अपाची मूळ मांडणीनुसार ६० सेकंद त्याच्याकडे पुन्हा विचारणाच करीत नाही. टॉमकॅट पुन्हा सुरू झाला तरी मिनिटभर तोच क्रमांक दिसत राहतो. अननुभवी कर्मचारी समजतो की उपाय लागू पडला नाही, आणि पुन्हा सारे बंद करून बसतो.

वीज जाऊन आल्यावरचा घोळही असाच. हाताने सुरू केलेली आज्ञावली यंत्र पुन्हा चालू झाल्यावर आपोआप सुरू होईलच असे नाही. तशी स्वतंत्र नोंद करून ठेवावी लागते. ती वेब सर्व्हरची असते, टॉमकॅटची राहून जाते. मांडणीत बदल करण्यापूर्वी जुन्या फाईलची प्रत ठेवणे, ‘कॉन्फिगटेस्ट’ ही तपासणीची आज्ञा देणे, आणि चालू असलेल्या मागण्या न तोडता नवी मांडणी वाचण्यास सांगणे, एवढी पथ्ये पाळल्यास दिवसाउजेडी केलेला बदलही निभावतो. कोणती ओळ कोणी, कधी व का लिहिली हे फाईलमध्येच टीप म्हणून लिहिता येते. ती लिहिणारा तंत्रज्ञ बदलून गेल्यावर मागे हीच टीप कामास येते.

ग्रामपंचायत सदस्य वा शिक्षक यांनी या ओळी लिहाव्यात अशी कोणाचीच अपेक्षा नाही. परंतु खिडकीजवळ साधी नोंदवही ठेवता येईल. तारीख, वेळ, पडद्यावरील क्रमांक, कोणत्या सेवेचा अर्ज होता आणि किती माणसे परत गेली, एवढे पाच रकाने पुरेत. सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी ५०३, रहिवासाचा दाखला, सहा माणसे, अशी एक ओळ तंत्रज्ञाच्या हाती पडली तर त्याच वेळेची सर्व्हरमधील नोंद उघडून तो दोष शोधू शकतो.