आधी एकट्याने जा



आपल्याला रोज कोणाची ना कोणाची समजूत घालावी लागते. शेजाऱ्याने बांध कोरला, भावाने उसने पैसे दिले नाहीत. मग पुष्कळदा काय होते? गोष्ट थेट पारावर, चार माणसांत जाते. तिथे चुकलेला माणूसही चूक कबूल करत नाही. त्याला अब्रू सांभाळायची असते.

प्रभू येशूने साधा मार्ग सांगितला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, १८ व्या अध्यायात तो आहे. भावाने अपराध केला, तर आधी एकट्याने त्याच्याकडे जावे. त्याने ऐकले नाही, तर एकदोघांना बरोबर न्यावे. ते धाक घालायला नव्हेत, साक्षीला. तरीही ऐकले नाही, तरच मंडळीला सांगावे.

एकट्याने गेल्यावर बोलावे कसे? आधी कान द्यावा, मग तोंड उघडावे, राग मागे ठेवावा. याकोबाच्या पत्राची शिकवण हीच आहे. “तू चोर आहेस,” म्हटले की दार बंद झाले. “दादा, हद्दीचा दगड कुठं होता, दोघं मिळून बघू या का?” असे म्हटले की तो निदान घराबाहेर तरी येईल.

हातभर जमिनीपायी दोन घरे वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. पोराबाळांचे बोलणे तुटते. येशूच्या सांगण्यात वाद जिंकणे नाही, भाऊ परत मिळवणे आहे.

ज्याच्याशी आपला अबोला आहे, त्याच्या घरी आज संध्याकाळी जाऊ या. एकट्यानेच जाऊ या.