मेर आणि सरवा

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना इच्छापोर लागते. तेथून हजिऱ्यापर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा या राज्यांतून आलेले मजूर राबतात. सुरत शहरात तर खानदेशातील मराठी कुटुंबांनीही आपला संसार थाटला आहे. राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदाने नागरिकाला देशात कोठेही वस्ती करण्याची मुभा दिली आहे. तरीही मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, हजिऱ्याजवळच्या मोरा गावी मजूर घरी जाऊ देण्याची मागणी करीत रस्त्यावर उतरले. त्यांच्या श्रमांना राज्याची सीमा कधी आडवी आली नव्हती. पुष्कळांच्या शिधापत्रिकेला मात्र ती आडवी आली. सर्व राज्यांत चालणाऱ्या शिधापत्रिकेची व्यवस्था पूर्ण व्हावयास २०२२ साल उजाडावे लागले.

परक्याचे देणे कोणते, या प्रश्नाचा ख्रिस्ती विचार अशाच भाकरीच्या प्रश्नापासून सुरू होतो. जुन्या कराराच्या नियमशास्त्रात दोन आज्ञा आहेत. शेजाऱ्याच्या शेताची मेर सरकवू नये, ही एक. कापणी करताना शेताचा कोपरा गरिबासाठी व परदेशीयासाठी राखावा, ही दुसरी. पहिली आज्ञा सीमेचा मान राखते. दुसरी सीमेच्या आतील पिकात परक्याचाही वाटा ठरविते. मवाबी विधवा रूथ बेथलेहेमात बवाजाच्या शेतात सरवा वेचते, ती भिक्षा म्हणून नव्हे, तर नियमाने राखलेला वाटा म्हणून. याच परदेशी स्त्रीचे नाव मत्तयाने येशूच्या वंशावळीत नोंदविले आहे. स्वतः येशूचे बालपणही काही काळ मिसर देशाच्या आश्रयाने गेले.

या विचाराला महाराष्ट्रातही कृतीचे रूप आले. १९००च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजरातेतील निराधार मुलींना केडगावच्या मुक्तिसदनात आणले. त्या मुलींची भाषा निराळी होती, प्रांत निराळा होता. पण भूक ओळखीची होती.

राष्ट्रांच्या सीमांचा प्रश्न याहून बिकट आहे. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३च्या परिपत्रात न्याय्य कारणासाठी देशांतर करण्याचा हक्क मान्य केला. आणि आपल्या समाजाचे हित सांभाळून जेवढे शक्य असेल तेवढे परक्यांना सामावून घेणे, हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य ठरविले. मजुरी घसरेल, घरे पुरणार नाहीत, ही स्थानिकांची चिंता या विचारात क्षुद्र ठरत नाही. मात्र ज्याचे श्रम आपण घेतले, त्याला संकटाच्या वेळी परका म्हणण्याचा अधिकार ती चिंता देत नाही.

मेर जागच्या जागी राहावी. पण तिच्या आतला सरवा परक्यासाठी राखलेला असावा. या दोहोंपैकी एकच आज्ञा पाळणाऱ्याने अर्धाच नियम पाळला, असे म्हटले पाहिजे.